ठेका, स्टाइल आणि सम : अरेंजर कीबोर्डवर आपला ताल बसवताना



तुमच्यापैकी अनेकांच्या घरी, वसतिगृहात किंवा महाविद्यालयाच्या सांस्कृतिक विभागात एखादा अरेंजर कीबोर्ड असेल. डाव्या हाताने कॉर्ड धरली की ड्रम, बास, गिटार अशी सगळी साथ आपोआप सुरू होते, असे हे वाद्य. या तयार साथीला 'स्टाइल' म्हणतात. काही दिवसांनी तयार स्टाइलचा कंटाळा येतो आणि आपण आपले ठेके त्यात भरू पाहतो. ते कसे करावे हे या टिपणात ओघाने येईलच, पण टिपणाचा मुख्य हेतू समीक्षेचा आहे. आपण कादंबरीची समीक्षा करतो, चित्रपटाची करतो. तशी एखाद्या फाइलच्या रचनेचीही करता येते. त्या रचनेने संगीताविषयी काय गृहीत धरले आहे, आणि आपला ताल त्या गृहीतात कुठे बसतो, कुठे अडतो, हे तपासायचे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : स्टाइलची रचना बार आणि कॉर्ड या दोन कल्पनांवर उभी आहे, तर आपला ठेका आवर्तन आणि षड्ज यांवर उभा आहे. हा फरक न ओळखता भरलेला ठेका ऐकायला तबल्यासारखा वाटतो, पण गाणाऱ्याला साथ देत नाही.

१. एक प्रसंग

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि हौसेने कीबोर्ड वाजवतो. बंगळुरूच्या इंदिरानगरात एका इमारतीतल्या गणेशोत्सवात अभंगांचा छोटा कार्यक्रम होता. दर वर्षी येणाऱ्या तबलजींना त्या वर्षी बोलावले नाही. "कीबोर्डमध्ये तबला आहेच की," असे बैठकीत कोणीतरी म्हणाले आणि मीही मान डोलावली. मी भजनी ठेक्याची स्वतःची स्टाइल तयार केली होती. तालमी चांगल्या झाल्या होत्या.

कार्यक्रमात दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी मी 'फिल'चे बटण दाबले. फिल म्हणजे ठेका सोडून मधेच वाजणारा एका बारचा तुकडा. फिल संपला, ठेका परत आला, गाणाऱ्या मावशी नेहमीप्रमाणे समेवर आल्या, आणि कीबोर्ड मात्र काल वाजवत होता. (खालीला आपण मराठीत काल म्हणतो.) मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिले. समोर बसलेल्या चार-पाच जणांच्या हातात टाळ होते. ते मावशींबरोबर राहिले. मी स्टाइल बंद केली आणि तो अभंग टाळांवर पूर्ण झाला.

चूक माझी होती, पण ती बोटांची चूक नव्हती. मी बटण योग्य ठोक्यावरच दाबले होते. चूक ठेका फाइलमध्ये मांडताना झाली होती. ती समजून घ्यायची तर आधी फाइल उघडून पाहिली पाहिजे.

२. स्टाइलच्या फाइलमध्ये काय असते

यामाहाच्या वाद्यांतली स्टाइल फाइल उदाहरणादाखल घेऊ, कारण तिची रचना सर्वांत जास्त अभ्यासली गेली आहे. ही फाइल मुळात एक मिडी फाइल असते. मिडी म्हणजे १९८३ साली प्रसिद्ध झालेला, वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याचा करार. त्यात ध्वनी नसतो. कोणती पट्टी, किती जोराने, केव्हा दाबली आणि केव्हा सोडली, एवढीच नोंद असते. स्टाइल फाइलमध्ये या नोंदींच्या बरोबरीने दोन गोष्टी जास्त असतात.

पहिली गोष्ट खुणांची. एकाच लांबलचक नोंदीवर 'इंट्रो', 'मेन', 'फिल', 'एंडिंग' अशा खुणा लावलेल्या असतात. तुम्ही बटण दाबता तेव्हा वाद्य त्या खुणेपाशी उडी मारते.

दुसरी गोष्ट नियमांची. साथीसाठी ९ ते १६ असे आठ चॅनेल असतात : दोन तालाचे, एक बासचा, दोन कॉर्डचे, एक पॅडचा आणि दोन छोट्या स्वरवाक्यांचे. मूळ साथ बहुधा सी मेजर सेव्हन्थ या एकाच कॉर्डवर नोंदवलेली असते. तुम्ही दुसरी कॉर्ड धरली की प्रत्येक चॅनेलचे सूर कसे हलवायचे याचे नियम फाइलच्या एका वेगळ्या भागात असतात. तालाच्या चॅनेलना हे नियम लागू होत नाहीत, कारण ड्रमला सूर नसतो असे गृहीत आहे. या गृहीताकडे आपण पुढे परत येऊ.

एक व्यावहारिक सूचना. अशा फाइलचे नाव बदलून तिला मिडी फाइलचे शेपूट लावले, तर संगणकावरच्या कोणत्याही सिक्वेन्सरमध्ये ती उघडते. पण तिथून परत साठवताना नियमांचा भाग अनेकदा गळून पडतो आणि वाद्यात गेल्यावर बास-गिटार बेसूर वाजू लागतात. म्हणून मूळ फाइलची प्रत नेहमी जपून ठेवा. शक्य असेल तेव्हा वाद्यातल्याच स्टाइल-निर्मितीच्या सोयीने फक्त तालाचे चॅनेल बदला. पहिल्या प्रयत्नासाठी बास आणि कॉर्ड एखाद्या तयार स्टाइलमधून उचलणे हा उत्तम मार्ग आहे. कॅसिओ आणि कॉर्गच्या वाद्यांत फाइलचे प्रकार वेगळे आहेत, पण खुणा, चॅनेल आणि नियम ही तीन अंगे तिथेही सापडतात.

३. मापाचा प्रश्न : बार आणि आवर्तन

आता माझ्या चुकीकडे वळू. इथे 'बार' म्हणजे पाश्चात्त्य लेखनातले एक माप. इंदिरानगरच्या शंभर फुटी रस्त्यावरचे बार आपल्या अभ्यासक्रमात नाहीत.

भजनी ठेका आठ मात्रांचा. त्याचे एक रूढ रूप असे :

धिं ऽ ना धिं | ऽ धिं ना ऽ | तिं ऽ ना तिं | ऽ तिं ना ऽ

इथे प्रत्येक जागा अर्ध्या मात्रेची आहे, म्हणजे सोळा जागांत आठ मात्रा. पहिल्या अर्ध्यात डग्गा घुमतो, दुसऱ्या अर्ध्यात तो गप्प असतो. गाणारा याच भरी-कालाच्या फरकावर आपली जागा ओळखतो.

मी एक मात्रा म्हणजे एक ठोका धरली. चार ठोक्यांच्या बारमध्ये त्यामुळे अर्धेच आवर्तन बसले, आणि मेन दोन बारचा झाला : पहिला बार भरीचा, दुसरा कालाचा. आता फिलचे काम पाहा. फिल एका बारचा असतो आणि तो संपला की मेन पुन्हा पहिल्या बारपासून सुरू होतो. दुसऱ्या बारमध्ये बटण दाबले तर सगळे ठीक : फिल संपताना आवर्तनही संपते आणि सम समेवर येते. पण पहिल्या बारमध्ये दाबले, तर फिल संपतो तेव्हा गाणारा कालावर असतो आणि यंत्र मात्र भरी वाजवू लागते. पुढच्या समेला यंत्र कालावर. अर्ध्या आवर्तनाचा हा फरक मग शेवटपर्यंत मिटत नाही. तालमीत मी योगायोगाने दर वेळी दुसऱ्या बारमध्येच बटण दाबले होते.

यंत्राला आवर्तन ही गोष्टच माहीत नाही. त्याच्या दृष्टीने 'पहिला ठोका' दर बारला येतो आणि सगळे बार सारखेच. आपल्याकडे दोन 'पहिल्या ठोक्यां'त सम आणि काल असा भेद आहे आणि त्या भेदावर गाणे तोललेले असते.

उपाय सोपा आहे : संपूर्ण आवर्तन एका बारमध्ये बसवा. मात्रा म्हणजे अर्धा ठोका धरा. मिनिटाला १६० मात्रा हव्या असतील तर टेम्पोचा आकडा १६० ऐवजी ८० ठेवा. आता फिल कुठेही दाबा, तो बारच्या शेवटी संपेल आणि बारचा शेवट म्हणजेच आवर्तनाचा शेवट. याचा दुसरा फायदाही आहे. मेन चार बारचा ठेवून त्यात चार आवर्तने किंचित वेगळ्या वजनाने वाजवता येतात, आणि तरीही सम सरकत नाही. त्रितालाच्या सोळा मात्रांसाठी मात्रा म्हणजे पाव ठोका धरावी लागेल. त्याच लयीला टेम्पोचा आकडा ४० होईल.

दादरा (धा धी ना | धा ती ना) सहा-आठच्या मापात सहज बसतो. झपतालाच्या दहा मात्रा (धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना) पाच-चारच्या मापात अर्ध्या ठोक्याने बसतात, पण वाद्याचा लुकलुकणारा ठोका २-२-२-२-२ असे मोजतो आणि ताल २-३-२-३ असा चालतो. त्या दिव्याकडे पाहू नका. रूपकाच्या सात मात्रांसाठी तुमचे वाद्य सातचे माप स्वीकारते का हे आधी पाहा. स्वीकारत नसेल तर गणित करून पाहण्यासारखे आहे : चार-चारच्या बारमध्ये आठ अर्धे ठोके, रूपकात सात मात्रा, ७ आणि ८ यांचा लसावि ५६. म्हणजे सात बारमध्ये रूपकाची बरोबर आठ आवर्तने बसतात. कागदावर हे सुंदर दिसते. पण त्या सात बारांत एकदा जरी फिल दाबला तरी सम हरवते. कर्नाटक संगीत शिकणाऱ्यांनी हेच गणित मिश्र चापू (७) आणि खंड चापू (५) यांसाठी करून पाहावे.

४. सुराचा प्रश्न : तबला हा 'ड्रम' आहे का

आता त्या गृहीताकडे येऊ : ड्रमला सूर नसतो. १९९१ साली 'जनरल मिडी' हे मानक आले. त्यात दहावा चॅनेल तालवाद्यांसाठी राखला आणि ३५ ते ८१ या क्रमांकांवर ४७ तालध्वनी ठरवून दिले. त्यात बोंगो आहेत, कोंगा आहेत, शिट्टीसुद्धा आहे, तबला नाही. गंमत अशी की त्याच मानकाच्या सुरेल वाद्यांच्या यादीत सतार आणि सनई आहेत. भारतीय स्वर यादीत आला, भारतीय ताल बाहेर राहिला. पुढे कंपन्यांनी भारतासाठी खास नमुने काढले, यामाहाची पीएसआर-आय मालिका किंवा कॅसिओचे 'आयएन' अक्षरे लावलेले कीबोर्ड, आणि त्यांत तबला-ढोलकीचे ध्वनी दिले. पण ते बसवले त्याच चौकटीत : ताल म्हणजे सूर नसलेला चॅनेल.

ही चौकट चुकीची आहे हे विज्ञानाला खूप आधी ठाऊक होते. एकसारख्या जाडीच्या गोल पडद्याच्या कंपनांची गुणोत्तरे १ : १.५९ : २.१४ : २.३० अशी येतात. ती पूर्णांकांत नाहीत, म्हणून साध्या ढोलाचा नाद सुराकडे झुकत नाही. तबल्याच्या आणि मृदंगाच्या पडद्यावर मधोमध शाई असते. त्या वजनामुळे हीच कंपने १ : २ : ३ : ४ : ५ या क्रमाच्या अगदी जवळ येतात, म्हणजे तंतुवाद्यासारखी. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात एका सहकाऱ्यासह हे मांडले. पुढे १९३४ साली, त्याच वर्षी बंगळुरूत स्थापन झालेल्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या प्रोसीडिंग्जमध्ये त्यांनी भारतीय तालवाद्यांवर सविस्तर लेख लिहिला. तबला सुरात लावता येतो, म्हणून तो गाणाऱ्याच्या षड्जाला लावला जातो. ही केवळ परंपरा नव्हे, तो त्या पडद्याचा भौतिक गुणधर्म आहे.

आता कीबोर्डवर काय होते ते पाहा. तबल्याचे सॅम्पल काळी एकचे आहे. गाणारी व्यक्ती काळी चारमध्ये गाते. तुम्ही 'ट्रान्सपोज' बदलता. बास, गिटार, तुमच्या बोटांखालचे सूर सगळे वर सरकतात. तबला मात्र काळी एकलाच राहतो, कारण त्याला सूर नाही असे यंत्र समजते. मग प्रत्येक 'ना' गाण्याला टोचत राहतो. श्रोत्याला कारण सांगता येत नाही, तो एवढेच म्हणतो, "मशीन वाटतंय."

उपाय अर्धाच आहे. ज्या वाद्यांत स्वतःचे सॅम्पल भरून ड्रमसंच बनवता येतो, तिथे एकाच तबल्याचे वेगवेगळ्या षड्जांचे दोन-तीन संच करून ठेवा आणि गाणाऱ्यानुसार संच बदला. एकच सॅम्पल ओढून सगळीकडे वापरू नका. साध्या पद्धतीत सॅम्पल एका अर्धस्वराने चढवायचे म्हणजे ते १.०५९५ पट वेगाने वाजवायचे. तीन अर्धस्वरांना हा वेग १.१८९ पट होतो. नाद सुमारे १६ टक्क्यांनी आखूड होतो आणि मोठ्या पुडीचा तबला लहानसा, पत्र्यासारखा ऐकू येतो. एखाद-दुसऱ्या अर्धस्वरापर्यंत चालते. त्यापुढे त्या सुराचा तबला खरोखर लावून ध्वनिमुद्रण करणेच बरे.

५. बोलांचा प्रश्न : एक पट्टी, एक आवाज

मिडीच्या दृष्टीने आघात म्हणजे एक क्षण आणि १ ते १२७ मधला एक जोर. तबल्याचा बोल म्हणजे हाताची एक क्रिया : आधीचा नाद चालू आहे की दाबला, मनगट डग्ग्यावर सरकले की नाही, बोट चाटेवर पडले की शाईवर. तरीही थोडे कष्ट घेतले तर बरेच काही साधते. तीन गोष्टी करा.

पहिली, बोलांची फोड करा. 'धा' हे एक सॅम्पल करू नका. 'ना' आणि 'घे' वेगळे मुद्रित करा आणि एकत्र वाजवा. तसेच 'धिं' म्हणजे 'तिं' आणि 'घे'. ना, तिं, तूं, टे, घे, के एवढे सहा बोल आणि प्रत्येकाचे तीन जोर धरले तरी १८ सॅम्पलांत कामचलाऊ संच तयार होतो.

दुसरी, 'घे' आणि 'के' यांना एकाच गटात टाका. ड्रमसंचात बंद हाय-हॅट वाजली की उघड्या हाय-हॅटचा नाद कापला जातो, कारण त्या दोघींचा गट एक असतो. डग्ग्यावर 'के' पडला की 'घे'चा घुमारा असाच थांबला पाहिजे. तयार संचांत ही काळजी अनेकदा घेतलेली नसते, म्हणून कालातही डग्गा घुमत राहतो आणि भरी-कालाचा फरक पुसला जातो.

तिसरी, तबला आणि डग्गा दोन वेगळ्या चॅनेलवर ठेवा. तालासाठी दोन चॅनेल आहेतच. मिडीत सूर वाकवण्याची आज्ञा संपूर्ण चॅनेलला लागू होते. दोघे एकाच चॅनेलवर असतील तर डग्ग्याची मींड काढताना तबलाही बेसूर होतो. तुमचे वाद्य ड्रमसंचाला ही आज्ञा लागू करते का हे आधी तपासा. करत नसेल तर मनगटाने घासलेल्या 'घे'ची दोन-तीन वेगळी सॅम्पले घ्या.

काळाच्या सूक्ष्मतेचा मात्र फारसा प्रश्न नाही. यामाहाच्या स्टाइलमध्ये एका ठोक्याचे १९२० भाग असतात. टेम्पो ८० असताना ठोका ७५० मिलिसेकंदांचा, म्हणजे एक भाग ०.४ मिलिसेकंदाहूनही लहान. वादकाने 'ना' वीस मिलिसेकंद मागे ओढला तर तो साधारण ५१ भागांनी मागे नोंदला जाईल. इतकी बारीक मोजपट्टी हाती असताना आपण 'क्वांटाइज'चे बटण दाबून सगळे आघात पाव ठोक्याच्या जाळीवर ठोकून बसवतो. मग ठेक्याची चाल जाते आणि मोजणी उरते. नोंद हाताने वाजवून करा. चुकलेला आघात एकेकटा सुधारा. सगळ्यांना एकदम सरळ करू नका.

६. चार व्हेरिएशन आणि एक भजन

तयार 'भजन' किंवा 'लोकगीत' स्टाइल ऐकून पाहा. मेनची चार रूपे असतात. पहिल्यात तबला, दुसऱ्यात तबला आणि टाळ, तिसऱ्यात गिटार, चौथ्यात ड्रम, बास, तंतुवाद्ये सगळे. रंगत वाढवायची म्हणजे वाद्यांची संख्या वाढवायची, असा या रचनेचा समज आहे. पॉप गाण्यात हे शोभते. भजनात रंगत वाढते ती ठेक्याच्या आतून. लय हळूहळू चढते, तबलजी लग्गीवर जातो, टाळकरी दुपटीत येतात, एखाद्या तिहाईने सगळे समेवर कोसळतात आणि ठेका पुन्हा शांत होतो. वाद्ये तेवढीच असतात.

म्हणून तुमच्या स्टाइलमध्ये चार रूपे अशी करून पाहा : साधा ठेका, भरीव ठेका, लग्गी, आणि परत उतरणारा ठेका. फिलच्या जागी समेवर संपणारा मुखडा ठेवा. लावणीसाठी ढोलकी घेत असाल तर हाच विचार करा; दोन ओळींमधल्या जागेत ढोलकी बोलते, ओळीखाली ती मागे सरते. तिला चारही रूपांत सारखीच मोठी ठेवली की लावणीचा तोल जातो.

एका गोष्टीवर मात्र इलाज नाही : लय. स्टाइल एका घड्याळावर चालते. टेम्पोचे बटण दाबून आकडा वाढवता येतो, पण ती वाढ पायऱ्यापायऱ्यांनी होते आणि निर्णय कीबोर्डवाल्याचा असतो. भजनात लय कोण चढवते हे नेमके सांगता येत नाही; गाणारी, टाळकरी, तबलजी एकमेकांकडे पाहत ती चढवतात.

७. बंगळुरूचे दुसरे यंत्र

यंत्र आले की आपला ताल बिघडणारच, असा निष्कर्ष कोणी काढू नये. याच शहरात जी. राज नारायण या अभियंत्याने, जे स्वतः बासरीवादक आहेत आणि ज्यांनी एचएएलमध्ये नोकरी केली होती, १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्यांच्या राडेल कंपनीचा 'तालमाला' हा इलेक्ट्रॉनिक तबला पुढे देशभरच्या रियाजाच्या खोल्यांत पोहोचला. (इंदिरानगरचे कित्येक पत्ते अजूनही 'एचएएल दुसरा टप्पा' असेच लिहिले जातात.)

तालमालेची रचना अरेंजर कीबोर्डशेजारी ठेवून पाहा. तिथे पहिला निर्णय तालाचा : त्रिताल, झपताल, रूपक. दुसरा लयीचा. तिसरा सुराचा, तबला तुमच्या षड्जाला लावण्यासाठी स्वतंत्र सोय. बार नाही, कॉर्ड नाही. तिचा तबला कितीही यांत्रिक वाजला तरी सम जागेवर असते आणि सूर तुमचा असतो. गाणारे विद्यार्थी तिच्याबरोबर तासन् तास बसू शकले ते यामुळे. उलट बाजूने तिच्यात बास नाही, इंट्रो नाही, फिल नाही. ऑर्केस्ट्राला तिचा काही उपयोग नाही. दोन्ही यंत्रांचे भाग साधारण सारखेच : स्मृती, घड्याळ, नादाची नोंद. फरक पडला तो आराखडा करणाऱ्याने कोणता प्रश्न आधी विचारला त्यामुळे.

तिसरे उदाहरण चरणजित सिंग यांचे. त्यांनी १९८२ साली रोलंडचे टीआर-८०८ हे तालयंत्र आणि सिंथेसायझर घेऊन दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली आणि तिच्या नावातच 'डिस्को बीट' हे शब्द घातले. तिथे ताल भारतीय असल्याचा दावाच नाही. यंत्राचा ठोका यंत्राचा म्हणून समोर ठेवला आहे, आणि म्हणून आजही ती मुद्रिका प्रामाणिक वाटते. तयार 'भजन' स्टाइलमध्ये खटकतो तो यंत्राचा आवाज नव्हे. आवाज तबल्याचा आणि चाल मात्र ड्रमसेटची, ही गोष्ट खटकते.

८. मग स्वतःची स्टाइल बनवावी का

जरूर बनवावी. जिथे तबलजी मिळतच नाही अशा गावी, परदेशातल्या एखाद्या घरगुती गणपतीपुढे, वसतिगृहाच्या खोलीत रात्री सराव करताना, नीट बसवलेला ठेका मोठा आधार असतो. आणि ठेका बसवताना ताल जितका समजतो तितका तो नुसता ऐकून समजत नाही.

दोन अटी पाळा. पहिली, ठेका वादकाकडून घ्या. इकडून तिकडून गोळा केलेल्या स्टाइलच्या गठ्ठ्यांत कोणाचा हात वाजतो आहे हे कुणालाच माहीत नसते. त्याऐवजी तुमच्या शहरातल्या तबलावादकाकडे किंवा ढोलकीवाल्याकडे एक संध्याकाळ बसा, परवानगी घेऊन बोल मुद्रित करा, त्या वेळेचे मानधन द्या आणि फाइलसोबत त्यांचे नाव लिहून ठेवा. कुठे काय चुकले हे तेच तुम्हाला दाखवतील. माझ्या स्टाइलमधला डग्गा कालात घुमतो आहे हे मला एका तबलजींनी पहिल्या चार आवर्तनांत सांगितले. मी ती स्टाइल महिनाभर ऐकत होतो.

दुसरी अट, वादक समोर असेल तेव्हा स्टाइल बंद करा. नुसते तालाचे चॅनेल बंद करून बास आणि गिटार चालू ठेवले तरी घड्याळ यंत्राचेच राहते, आणि जिवंत तबलजीला त्या घड्याळामागे धावावे लागते.

इंदिरानगरात पुरंदर भवन आहे. इंदिरानगर संगीत सभेच्या मैफली तिथे होतात. ज्यांच्या नावाचे ते भवन, त्या पुरंदरदासांच्या पदांत 'पुरंदर विठ्ठल' ही मुद्रा येते. आपल्या अभंगांतला विठ्ठल आणि त्यांचा विठ्ठल एकच. तिथे मृदंगवादक गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसलेला असतो. हे पाहणे कोणत्याही फाइलमध्ये नोंदता येत नाही.

त्या प्रसंगानंतरच्या गणेशोत्सवात आम्ही तबलजींना परत बोलावले. त्यांना फोन मी केला. मी हातानेच कॉर्ड वाजवल्या, आणि माझी दुरुस्त केलेली स्टाइल तालमीपुरती वापरली. मावशी घरी सराव करतात तो आता तिच्यावरच.

स्वाध्याय

१. तुमच्या वाद्यातली एक तयार भारतीय स्टाइल निवडा. तिच्या मेनमध्ये किती बार आहेत आणि एका आवर्तनाला किती बार लागतात ते मोजा. पहिल्या आणि दुसऱ्या बारमध्ये फिल दाबून सम कुठे जाते ते लिहा.

२. केहरवा (धा गे ना ती | ना के धी ना) एका बारमध्ये बसवा. मिनिटाला २०० मात्रांची लय हवी असल्यास टेम्पोचा आकडा किती ठेवाल?

३. ९ मात्रांचा एखादा ताल चार-चारच्या मापात अर्ध्या ठोक्याने बसवायचा झाल्यास सम पुन्हा बारच्या आरंभी येण्यास किती बार लागतील? त्या स्टाइलमध्ये फिल ठेवावा का? कारण द्या.

४. तुमच्या प्रदेशातले एक तालवाद्य घ्या : पंजाबचा ढोल, बंगालचे खोल, केरळची चेंडा, आपला संबळ किंवा दुसरे कोणतेही. त्याचे कोणते तीन गुण स्टाइलच्या फाइलमध्ये नोंदता येतील आणि कोणते तीन येणार नाहीत, हे त्या वाद्याच्या वादकाशी बोलून लिहा.

५. तालमाला आणि अरेंजर कीबोर्ड यांची नियंत्रणे शेजारी-शेजारी मांडा. दोन्हींच्या गरजा भागवणारे एकच यंत्र आखायचे असेल, तर घड्याळ कोणाच्या हाती द्याल? एका पानात उत्तर लिहा.